पाठमोरे

एक नोव्हेंबरला अख्खं पोझनान दफनभूमीत असतं.
ट्रामभर शेवंतीच्या कुंड्या, काचेच्या दिव्यांच्या पिशव्या,
आणि उलट्या दिशेच्या ट्राममध्ये मी एकटी.
मूळपेशींना सण कळत नाही.
त्यांना रोज ताजं अन्न लागतं, हाताला कोमट लागेल असं.
एक दिवस चुकला की रुसतात,
म्हणजे काहीतरी होऊन बसतात:
कडेची एखादी वसाहत चेतापेशी व्हायला निघते,
कुणी सांगितलेलं नसताना.
अजून काहीच न होणं टिकवायला
किती राबावं लागतं,
हे मला तिशी उलटल्यावर कळतंय.

प्रबंधाचं दुसरं प्रकरण: संशोधनाचे कल.
वर्षं आडवी, शोधनिबंध उभे.
बारा-तेरा सालापर्यंत रेघ जमिनीवर लोळते,
मग उठून बसते, मग धावत सुटते.
शब्दांचे ठिपके, ठिपक्यांना धागे,
'स्पंज' सगळ्यात जाड, शेजारी 'हाड', 'हृदय', 'वार्धक्य',
जाळं भरगच्च, कोळी कुठेच नाही.
प्राध्यापक वॉयनॉव्स्की म्हणाले, छान.
सुरुवात कधी झाली तेवढं
एका वाक्यात लिही, किंगा.

प्रयोगशाळेत बोझेना होती.
निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, किल्ली अजून तिच्याकडे;
कुणी मागितली नाही, तिने दिली नाही.
झेनोनच्या कबरीवर सकाळीच दिवा लावून आलेली,
बोटांना मेणाचा वास.
मी म्हटलं, हातमोजे.
ती म्हणाली, तू रांगत होतीस तेव्हापासून घालतेय.

मी तिला माझं जेल दाखवलं.
एन्झाइमनं बाकी सगळं फस्त केलेलं.
ते टोकापासून खातं, कुरतडत आत येतं;
ज्याला टोकच नाही त्याला धरणार कुठून?
म्हणून काळोखात उरलेली ही एक रेघ,
गोल मिटलेल्या आरएनएची.

बोझेना बराच वेळ वाकून बघत राहिली.
"ही? हिला तर मी फेकायचे."

वरच्या फळीवरून तिने वही काढली,
चौकटीच्या कागदाची, कॉफीचा डाग पडलेली.
ब्याण्णव, फेब्रुवारी: 'पुन्हा ती जादा रेघ.
नमुना खराब? साहेब म्हणाले, दुर्लक्ष करा.'
एप्रिल: 'पुन्हा.'
जून: 'पुन्हा. फोटो कापून चिकटवला.'
खरंच, एका कडेला कात्री चाललेली,
जरा तिरकी.

मी काहीतरी बोलायचं म्हणून प्रायमर समजावत बसले.
दोघांना एकमेकांकडे पाठ करून उभं करायचं, निघा म्हणायचं.
रस्ता सरळ असेल तर गेले ते गेले.
भेटले, तर रस्ता गोल होता.

"माल्टाच्या तळ्यासारखं," बोझेना म्हणाली.
"भांडण झालं की झेनोन डावीकडून निघायचा, मी उजवीकडून.
पाच-साडेपाच किलोमीटर.
पलीकडच्या टोकाला समोरासमोर.
मग बोलणार नाही तर काय करणार?"
थोडं थांबून:
"दर चार वर्षांनी तळं उपसतात ना,
तेव्हा मात्र पंचाईत व्हायची.
चिखलापलीकडे सारखा दिसायचा.
आणि हात करायचा नाही, असं ठरलेलं."

तिने माझ्या पेशींना अन्न घातलं, मला हात लावू दिला नाही.
पिपेट धरलेलं मनगट अजून हलत नाही.
गुडघे हलतात, पण ते तिने सांगितलं नाही,
मी जिन्यात पाहिलं.

ते वाक्य अजून लिहिलेलं नाही.
आलेखात ब्याण्णवच्या डोक्यावर शून्य आहे.
वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवलाय,
चारी कडांसकट.